रोमचा मर्क्युरी, गॉलची रोस्मर्टा : केल्टिक-रोमन प्रेमकादंबऱ्यांत खरं किती?

ऑनलाइन पुस्तकांच्या दुकानात ‘हिस्टॉरिकल फँटसी रोमान्स’चा कप्पा उघडला, की एक गोष्ट निरनिराळ्या नावांनी भेटत राहते. रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरून काही वर्षं झाली आहेत. एका तरुण रोमन अधिकाऱ्याची नेमणूक बेटाच्या दूरच्या टोकाला होते. तिथल्या टोळीप्रमुखाच्या मुलीला झऱ्यातल्या देवीचं बोलणं ऐकू येतं. त्याला सम्राटाचा हुकूम पाळायचा आहे, तिला आपली माणसं वाचवायची आहेत, आणि दोघांचेही देव या दोघांवर डोळा ठेवून आहेत.

वाचताना आपण अडखळतो ते नावांपाशी. ज्युपिटर, व्हीनस, मार्स ही मंडळी निदान ऐकून माहीत असतात. पण सुलिस कोण? एपोना कोण? एकाच देवीला ‘सुलिस मिनर्व्हा’ अशी दोन नावं का? ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित, खरंच होते का, आणि साउइन या सणाच्या रात्री हे जग आणि परलोक यांमधला पडदा विरळ होतो ही समजूत खरोखर तितकी जुनी आहे का? लेखिकेनं रचलेलं कुठलं आणि दगडावर कोरलेलं कुठलं, हे कळलं तर या कादंबऱ्या वाचण्यात वेगळीच मजा येते.

माझं म्हणणं आधीच सांगते. या कादंबऱ्यांत जे सगळ्यात मनघडंत वाटतं, म्हणजे दोन परक्या धर्मांतल्या देवांचं एकमेकांशी जुळणं आणि साम्राज्याच्या दोन टोकांच्या माणसांचं लग्न, त्याचेच पुरावे सगळ्यात भक्कम आहेत. आणि जे सगळ्यात प्राचीन वाटतं, म्हणजे ड्रुइडांचे विधी आणि वर्षभराचे सण, त्यातला बराचसा भाग गेल्या तीनशे वर्षांतला आहे.

केल्ट म्हणजे नेमके कोण

हे थोडक्यात. आजच्या फ्रान्सच्या बऱ्याच भागाला रोमन लोक गॉल म्हणत. तिथल्या टोळ्या आणि समुद्रापलीकडच्या ब्रिटनमधल्या टोळ्या एकमेकींच्या जवळच्या भाषा बोलत. या भाषांना आज आपण केल्टिक म्हणतो. पण ब्रिटनमधल्या माणसाला कुणी ‘तू केल्ट का?’ असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. तो स्वतःला आइसिनी म्हणाला असता, किंवा ब्रिगांटीझ, किंवा कॅटुव्हेलाउनी. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा एका कुळातल्या आहेत हे एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानानं 1707 मध्ये पद्धतशीर मांडलं, आणि त्यानंतर ‘केल्टिक’ हे नाव या साऱ्यांना चिकटलं.

ज्युलियस सीझर इसवी सनपूर्व 55 आणि 54 मध्ये ब्रिटनला येऊन गेला, पण राहिला नाही. खरी स्वारी क्लॉडियस सम्राटाच्या काळात, इसवी सन 43 मध्ये झाली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता तिथून गेली. मधली साधारण पावणेचारशे वर्षं हा या कादंबऱ्यांचा प्रदेश. आयर्लंड मात्र रोमन साम्राज्यात कधीच नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

परक्या देवाला ओळखण्याची रोमन रीत

रोमन माणूस परक्या गावी गेला आणि तिथला देव त्याला दिसला, की तो त्यात आपला देव शोधायचा. सीझर गॉल लोकांबद्दल लिहितो, की ते सगळ्यांत जास्त मर्क्युरीला भजतात, त्यानंतर अपोलो, मार्स, ज्युपिटर आणि मिनर्व्हा. गॉलमधल्या कुठल्याही शेतकऱ्यानं तोवर मर्क्युरी हे नाव उच्चारलंही नसेल. सीझरनं प्रवाशांचा आणि व्यापाराचा एक स्थानिक देव पाहिला आणि त्याला आपल्या यादीतलं नाव दिलं. टॅसिटस या इतिहासकारानं पुढे या सवयीला ‘रोमन अर्थ लावणं’ असं म्हटलं, आणि अभ्यासक आजही तोच शब्दप्रयोग वापरतात.

पण ही गोष्ट एकतर्फी नव्हती. पॅरिसमध्ये नोत्र-दामच्या खाली 1711 मध्ये एका स्तंभाचे कोरीव दगड सापडले. टायबेरियस सम्राटाच्या काळात सीन नदीवरच्या नावाड्यांनी तो उभारला होता. त्यावर ज्युपिटर आहे, व्हल्कन आहे, आणि त्यांच्याच बरोबरीनं शिंगं असलेला सर्नुनोस आहे, झाडाची फांदी तोडणारा एसुस आहे. सगळ्यांची नावं लॅटिन लिपीत कोरलेली. त्या नावाड्यांनी सम्राटाला मान दिला, रोमन पद्धतीचा स्तंभ बांधला, आणि आपले देव शेजारी उभे केले. कुणी कुणाला गिळलं असं त्या दगडांकडे पाहून म्हणता येत नाही.

याहून रोचक प्रकार म्हणजे देवांच्या जोड्या. गॉलमध्ये आणि ब्रिटनमध्ये रोमन देव अनेक ठिकाणी स्थानिक देवीच्या शेजारी दिसतो. अपोलो आणि सिरोना. मार्स आणि नेमेटोना. इंग्लंडमधल्या बाथ इथं एक छोटी वेदी आहे, ती आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरहून आलेल्या पेरेग्रिनस नावाच्या माणसानं लोसेटियस मार्स आणि नेमेटोना यांना वाहिलेली आहे. वेदीच्या शेवटी चार अक्षरं आहेत, जी रोमन जगात हजारो दगडांवर सापडतात. त्यांचा अर्थ : नवस राजीखुशीनं आणि रीतीप्रमाणे फेडला. मराठी घरात वाढलेल्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. देवाकडे मागायचं, मिळालं तर कबूल केलेलं द्यायचं, आणि दिल्याची नोंद चारचौघांत ठेवायची.

आणि मर्क्युरी-रोस्मर्टा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या शिल्पात ती त्याच्या शेजारी उभी आहे. हातात दंड, जवळ कोंबडा ही मर्क्युरीची नेहमीची खूण. तिच्याजवळ लाकडी पिंपासारखं भांडं. रोस्मर्टा समृद्धीची देवी, पूर्णपणे तिथली. तिला कुठलंही रोमन नाव दिलेलं नाही.

मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते, त्याचं कारण दुसऱ्या एका मर्क्युरीत आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या महाकाव्यात ट्रॉयहून निघालेला एनियस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेजची राणी डायडो हिच्या प्रेमात पडतो. ज्युपिटर मर्क्युरीला निरोप देऊन पाठवतो : तुझं काम इथं नाही, इटलीला जा. एनियस जातो. डायडो स्वतःला संपवते. रोमन मुलं हे काव्य शाळेत शिकत. परकी स्त्री आणि कर्तव्य यांत कर्तव्य निवडणारा पुरुष म्हणजे खरा रोमन, हा धडा त्यात होता. आता पाहा, प्रेमिकांना वेगळं करणारा तोच मर्क्युरी ग्लॉस्टरच्या दगडात स्वतःच एका परक्या देवीच्या शेजारी घर करून राहिला आहे. रोमन नायक आणि केल्टिक नायिकेच्या प्रत्येक कादंबरीतला ताण या दोन मर्क्युरींमधला आहे. नायक एनियससारखा निघून जाणार, की राहणार?

या जोड्यांकडे दुसऱ्या नजरेनंही पाहता येतं. देव बहुतेक वेळा रोमन आणि देवी स्थानिक, हे पाहून काही अभ्यासक म्हणतात की हे विजयाचं चित्र आहे : जिंकणारा पुरुष आणि जिंकलेली भूमी. इतर काही म्हणतात की उलट आहे, देवीनं आपलं नाव आणि जागा सोडली नाही, नवा देव तिच्या घरी आला. दोन्ही वाचनांना आधार आहे. बरी कादंबरी यातलं एक गृहीत धरून चालत नाही, दोन्ही शक्यता पात्रांच्या तोंडून बोलू देते.

बाथ : सुलिसचं पाणी

या सगळ्याचं सगळ्यात श्रीमंत ठिकाण म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं बाथ. तिथं जमिनीतून सुमारे 46 अंश सेल्सियस तापमानाचं पाणी वर येतं, दिवसाला दहा लाख लिटरहून जास्त. रोमन येण्याआधीपासून तिथं सुलिस नावाची देवी होती. पहिल्या शतकात, साठ-सत्तरच्या दशकांत, रोमनांनी झऱ्याभोवती भिंत बांधली, शेजारी मंदिर आणि स्नानगृहं उभारली आणि गावाला नाव दिलं ॲक्वी सुलिस, सुलिसचं पाणी. देवीची त्यांनी आपल्या मिनर्व्हाशी सांगड घातली.

नावांचा क्रम पाहण्यासारखा आहे. शिलालेखांत ‘सुलिस मिनर्व्हा’ येतं, सुलिस पुढे. अनेक ठिकाणी नुसतंच सुलिस. देवीची मूर्ती मात्र रोमन घाटाची. 1727 मध्ये रस्त्याखाली गटार खणताना तिचं सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं शिर सापडलं, शांत, सरळ नाकाचं, अगदी भूमध्य समुद्राकाठचं. मंदिराच्या दर्शनी त्रिकोणात ढालीवर कोरलेला चेहरा याच्या उलट आहे. मिनर्व्हाच्या ढालीवर गॉर्गनचं, म्हणजे सापांचे केस असलेल्या स्त्रीचं डोकं असतं. बाथच्या दगडात तो चेहरा दाढीमिशांचा पुरुष आहे, केस ज्वाळांसारखे पसरलेले, भुवया चढवलेल्या. सूर्य म्हणावा, समुद्रदेव म्हणावा की तिथलाच कुणी, यावर वाद चालू आहेत. कोरणाऱ्याला रोमन नमुना माहीत होता आणि त्यानं तो आपल्या हातानं बदलला, एवढं नक्की.

1979-80 मध्ये पुरातत्त्वज्ञ बॅरी कन्लिफ यांच्या पथकानं झऱ्याच्या तळाचं उत्खनन केलं. वर आली हजारो नाणी, आणि शिसं-कथलाचे पातळ पत्रे. असे सुमारे 130 पत्रे आहेत. त्यांवर टोकदार लेखणीनं लॅटिन मजकूर कोरून, गुंडाळी करून, पाण्यात टाकलेला. हे देवीला दिलेले शापाचे अर्ज. डॉसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीचा झगा चोरीला गेला होता. तो सुलिसला म्हणतो, ज्यानं तो नेला तो पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला झोप लागू देऊ नकोस, मुलंबाळं होऊ देऊ नकोस, जोवर तो माझा झगा तुझ्या मंदिरात आणून ठेवत नाही. दुसरा एक जण सहा चांदीच्या नाण्यांसाठी हेच मागतो आणि चोरांच्या यादीत भर घालतो : मूर्तिपूजक असो वा ख्रिस्ती.

कादंबरीत जादू येते तेव्हा ती कशी असावी, याचं उत्तर या पत्र्यांत आहे. मंत्र पुटपुटून वीज पाडणं इथं नाही. इथं जादू म्हणजे अर्ज. शब्द नेमके हवेत, पळवाट बुजवायला हवी, चोरीची वस्तू देवीच्या नावे करायला हवी म्हणजे देवीलाच ती परत मिळवण्यात रस राहील. रोमन कायद्याची भाषा आणि झऱ्यातल्या केल्टिक देवीवरची श्रद्धा एकाच पत्र्यावर बसली आहे. अशी नियमबद्ध जादू कथेला फार उपयोगी पडते, कारण नियमात एक शब्द चुकला की गोष्टीला वळण मिळतं.

एक पत्रा तर प्रेमकथा लिहिणाऱ्यांचा लाडका आहे. तो 1880 मध्येच सापडला होता. प्रत्येक शब्दातली अक्षरं उलट्या क्रमानं लिहिलेली. मजकुराची सुरुवात अशी : ज्यानं माझ्यापासून विल्बिया पळवली, तो पाण्यासारखा पातळ होवो. पुढे संशयितांची नावं. वाचताच डोळ्यांपुढे पळवून नेलेली तरुणी आणि जळणारा प्रियकर उभा राहतो, आणि बरीच वर्षं हाच अर्थ लावला गेला. पण संशयितांत बायकांचीही नावं आहेत, आणि बाथचे बाकी शाप जवळपास सगळे वस्तूंच्या चोरीचे आहेत. म्हणून आता विल्बिया ही कुणी बाई नसून एखादी वस्तू असावी, असंही मानलं जातं. कादंबरीकारानं तिला बाई करावं, त्याला माझी हरकत नाही. शेवटी एक माणूस इतका दुखावला होता, की त्यानं बसून एकेक शब्द उलटा कोरला. ते दुखणं खरं आहे.

दगडावर उरलेली लग्नं

आता माणसांकडे. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स गाव आहे. तिथं अर्बिया नावाचा रोमन किल्ला होता. 1878 मध्ये तिथं दुसऱ्या शतकातली एक समाधीशिळा मिळाली. वेताच्या उंच खुर्चीत बसलेली स्त्री, मांडीवर चाती आणि लोकर, एका बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. चेहरा फुटून गेला आहे. खाली लॅटिनमध्ये लिहिलं आहे, की ही रेजिना, कॅटुव्हेलाउनी टोळीची, वय 30. पाल्मायराच्या बाराटेसची मुक्त केलेली दासी आणि पत्नी.

कॅटुव्हेलाउनी म्हणजे आजच्या लंडनच्या उत्तरेचा मुलूख. पाल्मायरा सीरियाच्या वाळवंटातलं व्यापारी शहर. आणि दोघांची गाठ पडली ती तिसऱ्याच थंड किनाऱ्यावर. लॅटिन मजकुराच्या खाली आणखी एक ओळ आहे, बाराटेसच्या मायबोलीत, पाल्मायराच्या अरामी लिपीत : रेजिना, बाराटेसनं मुक्त केलेली, हाय. लॅटिन ओळींचं व्याकरण डळमळीत आहे, अरामी ओळ सफाईदार. ती ओळ वाचू शकणारे त्या किल्ल्याच्या परिसरात किती जण असतील? त्यानं ती लोकांसाठी लिहिली नव्हती, असं मला वाटतं.

हा दगड पाहून गलबलून येतं, आणि म्हणूनच इथं थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. रेजिना आधी त्याची गुलाम होती. तिच्या मनात काय होतं हे त्या दगडावर कुठेही नाही. रोमन कायद्यात गुलाम स्त्रीला मुक्त करून तिच्याशी लग्न करणं मान्य होतं. इसवी सन 4 च्या एका कायद्यानं तिसाच्या आतल्या गुलामाला मुक्त करण्यावर निर्बंध घातले, त्यातही लग्नासाठी सूट होती. आणि अशी स्त्री मालकाची पत्नी झाल्यावर त्याच्या संमतीशिवाय त्याला सोडू शकत नव्हती. बाथमध्ये सुलिसच्याच पुजाऱ्याची, गायस कॅल्पर्नियस रेसेप्टसची समाधीशिळा आहे. तो 75 वर्षांचा होऊन गेला. शिळा उभारणारी कॅल्पर्निया ट्रायफोसा : त्याची मुक्त केलेली दासी आणि पत्नी. अशी घरं सर्वसामान्य होती.

म्हणजे प्रेम नव्हतं असं नाही. पण ज्या कादंबऱ्या गुलामगिरीला नुसतं पार्श्वभूमीचं सामान करतात, नायिकेला बंदिवान करून दोन प्रकरणांत नायकाच्या मिठीत आणतात, त्या मला खोट्या वाटतात. ‘हो’ म्हणण्याला किंमत तेव्हाच, जेव्हा ‘नाही’ म्हणता येत असतं. या प्रकारच्या सगळ्यात समर्थ कादंबरीत नायिकेला तो नकार मिळवावा लागतो, आणि कथा त्या मिळवण्याची असते.

नकाराची ताकद असलेल्या स्त्रिया इतिहासात आहेतही. बूडिका सगळ्यांना माहीत आहे. आइसिनींची ही राणी नवऱ्याच्या मृत्यूनंतर रोमनांनी फटकावली, तिच्या मुलींवर अत्याचार केले, आणि इसवी सन 60-61 मध्ये तिनं कॅम्युलोड्युनम, लंडन आणि व्हेरुलेमियम ही शहरं जाळली. कॅसियस डिओ हा इतिहासकार नंतर लिहितो, की युद्धाआधी तिनं आपल्या वस्त्रातून एक ससा सोडला, तो कुठल्या दिशेनं पळतो ते पाहिलं आणि अँड्रास्टी देवीला हाक मारली.

पण कादंबरीसाठी मला तिच्यापेक्षा कार्टिमांडुआ मोठी वाटते. उत्तरेच्या ब्रिगांटीझ टोळीची ही राणी रोमच्या बाजूनं होती. इसवी सन 51 मध्ये आश्रयाला आलेला बंडखोर कॅराटाकस तिनं रोमनांच्या हवाली केला. पुढे नवरा व्हेन्युशियस याला सोडून तिनं त्याच्याच शस्त्रवाहकाला, व्हेलोकेटसला नवरा केलं आणि राज्यात वाटा दिला. 69 मध्ये व्हेन्युशियसनं उठाव केला, रोमन तुकड्यांनी राणीला कसंबसं बाहेर काढलं, आणि टॅसिटसच्या शब्दांत राज्य व्हेन्युशियसला उरलं नि युद्ध रोमला. टॅसिटस तिच्यावर रागावलेला आहे. तिची बाजू कुणी लिहून ठेवली नाही. देशद्रोही, प्रेमिका आणि धूर्त राज्यकर्ती या तिन्ही भूमिका एकाच बाईत असतील, तर अशी नायिका रचायला कल्पनाशक्ती लागते, जादू लागत नाही.

मग गोष्टी कुठल्या?

इथं एक मोठी फट आहे, आणि बहुतेक कादंबऱ्या तिच्यावरून उडी मारतात. रोमन काळातल्या केल्टिक देवांची नावं, मूर्ती, वेद्या भरपूर आहेत, पण त्यांच्या कथा एकही नाही. ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत. सीझर म्हणतो, काही शिष्य वीस वीस वर्षं पाठांतर करत, आणि ही विद्या लिहिणं त्यांना गैर वाटे. इसवी सन 60 मध्ये रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनसनं वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर हल्ला केला. टॅसिटसच्या वर्णनात किनाऱ्यावर काळ्या वस्त्रांतल्या बायका मशाली घेऊन धावतात, ड्रुइड हात वर करून शाप देतात, सैनिक क्षणभर थिजतात. मग कत्तल झाली आणि पवित्र राया तोडल्या गेल्या. पाठ असलेलं माणसांबरोबर गेलं.

केल्टिक कथा म्हणून आपण जे वाचतो ते आयर्लंड आणि वेल्समधलं आहे, आणि ख्रिस्ती लेखनिकांनी लिहिलेलं आहे. सगळ्यात जुनी आयरिश कथांची हस्तलिखितं 1100 च्या सुमाराची, वेल्शमधली मोठी हस्तलिखितं चौदाव्या शतकाची. म्हणजे सुलिसच्या मंदिरानंतर हजार वर्षांहून अधिक. आणि आयर्लंड तर रोमन साम्राज्याबाहेरचं. रोमन ब्रिटनमधल्या कादंबरीत मॉरिगन ही कावळ्याच्या रूपातली युद्धदेवी येते, तेव्हा लेखिकेनं तिला समुद्र आणि शतकं ओलांडून आणलेलं असतं. फँटसीत हे चालतं, वाचकाला माहीत असावं इतकंच.

आणण्यासारखं आहे मात्र खूप. एतीनची कथा घ्या. मिदिर हा परलोकीचा राजा तिला पत्नी करून आणतो. त्याची पहिली पत्नी मत्सरानं तिला पाण्याचं डबकं करते, त्यातून अळी होते, अळीची सुंदर जांभळी माशी. वारा तिला वर्षानुवर्षं भरकटवतो, अखेर ती एका सरदाराच्या बायकोच्या पेल्यात पडते, ती बाई पेला पिते आणि एतीन पुन्हा जन्मते. पहिल्या जन्मापासून दुसऱ्यापर्यंत 1012 वर्षं. आता ती आयर्लंडच्या राजाची राणी आहे, तिला काही आठवत नाही. मिदिर येतो, राजाशी पटावर डाव मांडतो, मुद्दाम हरत राहतो, शेवटचा डाव जिंकतो आणि मागतो एक मिठी. राजा दारं बंद करून सैन्य उभं करतो. मिदिर तिला कवेत घेतो आणि छताच्या झरोक्यातून दोघं वर जातात. बाहेर लोकांना दोन हंस उडताना दिसतात. जन्मांतरीच्या प्रेमाच्या कितीतरी कादंबऱ्यांचं मूळ या कथेत दिसेल.

किंवा वेल्श रिॲनन. राजा पुइल टेकडीवर बसलेला असताना ती घोड्यावरून संथ चालीनं जाते. राजाचे स्वार भरधाव सोडले तरी गाठू शकत नाहीत. तिसऱ्या दिवशी राजा स्वतः मागे लागतो, थकतो आणि शेवटी हाक मारून थांबायला सांगतो. ती लगेच थांबते आणि म्हणते, आनंदानं. हे आधीच विचारलं असतं तर घोड्याचे हाल वाचले असते. नकोशा लग्नातून सुटायला ती त्याला निवडून आलेली असते. तिचा घोड्याशी असलेला संबंध पाहून अनेक अभ्यासक तिच्यात एपोनाची सावली पाहतात. एपोना ही गॉलची अश्वदेवी, तबेल्यांत पूजली जाणारी, रोमन घोडदळानं आपलीशी केलेली. इटलीत सापडलेल्या एका पंचांगात तिचा सण 18 डिसेंबरला नोंदलेला आहे.

एनियसच्या शेजारी या दोन कथा ठेवल्या की फरक उघडा पडतो. रोमन गोष्टीत पुरुष जातो आणि स्त्री मागे राहते. या गोष्टींत निवड बहुधा परलोकीच्या माणसाची असते, आणि रिॲननसारखी स्त्री स्वतः चालून येते, आपल्या अटी घेऊन. अट मोडली की सगळं हरवतं. म्हणून चांगल्या कादंबरीत नायक-नायिका नुसते दोन देशांचे नसतात. प्रेमात माणसानं कसं वागावं याबद्दल ते दोन वेगळ्या गोष्टी ऐकून मोठे झालेले असतात.

जुनं वाटणारं नवं

इंग्लंडमधलं स्टोनहेंज हे प्रचंड दगडांचं वर्तुळ ड्रुइडांनी बांधलं नाही. तिथले मोठे दगड इसवी सनपूर्व 2500 च्या आसपास उभे राहिले, ड्रुइडांचा पहिला उल्लेख होण्याच्या कितीतरी आधी. हा संबंध जॉन ऑब्री आणि विल्यम स्टकली या इंग्रज अभ्यासकांनी सतराव्या-अठराव्या शतकांत जोडला आणि तो लोकांना आवडला. वर्षाचे आठ सण असलेलं ‘ऋतुचक्र’ विसाव्या शतकाच्या मध्यातलं. त्यातले साउइन, इंबोल्क, बेल्टेन आणि लूनासा हे चार सण आयरिश ग्रंथांत खरोखर आहेत, पण रोमन ब्रिटनमध्ये ते तसेच पाळले जात असं दाखवणारा पुरावा नाही. खरं प्राचीन केल्टिक पंचांग पाहायचं तर फ्रान्समध्ये कोलिन्यी इथं 1897 मध्ये मिळालेला ब्राँझचा पत्रा पाहावा. पाच वर्षांचं चांद्र-सौर पंचांग, महिन्याचे दोन पंधरवडे, मेळ घालायला दोन अधिक महिने, आणि भाषा गॉलची. एवढा अस्सल ऐवज कादंबऱ्यांत क्वचितच वापरला जातो, याचं मला वाईट वाटतं.

साल विचारा

अशी कादंबरी हातात आली की पहिल्या प्रकरणात साल शोधा. त्यावर पुढचं बरंच ठरतं. 60-61 च्या आधीची असेल तर अँगलसीचे ड्रुइड अजून आहेत. 122 नंतरची असेल तर उत्तरेला हेड्रियन सम्राटाची भिंत बांधली जात आहे, आणि तिच्याकाठी कॉव्हेंटिना नावाच्या देवीची विहीर आहे. 1876 मध्ये ती उपसली तेव्हा 13 हजारांहून अधिक नाणी निघाली.

आणि लग्न? पहिल्या सम्राटापासून रोमन सैनिकाला सेवेत असताना कायदेशीर लग्न करता येत नसे. किल्ल्यांबाहेरच्या वस्त्यांत संसार होते, मुलं होती, पण कायद्याच्या दृष्टीनं सोबतची स्त्री पत्नी नव्हती. प्रांतांतून भरती झालेल्या साहाय्यक सैनिकाला 25 वर्षांच्या सेवेनंतर नागरिकत्व मिळे आणि एका स्त्रीशी लग्नाचा हक्कही. त्याची सनद ब्राँझच्या पत्र्यावर कोरून दिली जाई. 140 पर्यंत मुलांनाही त्यासोबत नागरिकत्व मिळे, नंतर सेवेत असताना झालेल्या मुलांसाठी ते बंद झालं. सेप्टिमियस सेव्हेरस सम्राटानं 197 च्या सुमारास सैनिकांना बायकोसोबत राहायची मुभा दिली, आणि 212 मध्ये कॅराकॅलानं साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं.

म्हणून पहिल्या शतकातल्या कादंबरीच्या शेवटी रोमन शिपाई आणि ब्रिटन तरुणी थाटात लग्न करत असतील, तर लेखिकेनं कायद्याकडे पाहिलेलं नाही. त्याच दोघांना तिसऱ्या शतकात ठेवलं, तर तोच शेवट अगदी घडण्यासारखा आहे. पहिल्या शतकातच राहायचं असेल तर त्यांच्यापुढे वाटा दोनच : पंचवीस वर्षं वाट पाहणं, नाहीतर कायद्याच्या नोंदीशिवाय संसार करणं. प्रत्यक्षात शेकडो जोडप्यांनी दुसरी वाट धरली, आणि प्रेमकथेला याहून चांगलं संकट शोधून सापडणार नाही.